कुंपण कधी उघडायचे

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची गवताळ राने पाहत आले, तसे माझे एक मत पक्के होत गेले: तिथल्या निळ्या लार्क्सपरला गुरांना रोखणारे कायमचे कुंपण वाचवू शकणार नाही. डेल्फिनियम डेकोरम हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्या सह्याद्रीतली निळवंती त्याच वंशातली. बुटकेच, पण बहुवर्षायू झाड. हिवाळी पावसावर त्याला पाने फुटतात, वसंतात गडद निळी-जांभळी फुले येतात, बी गळते, आणि भर उन्हाळ्यात जमिनीवर त्याची खूणही राहत नाही. जीव राहतो तो मुळांत. ही राने मोकळी राहिली होती ती तिथले मूळ रहिवासी मिवोक आणि पोमो लोक मुद्दाम लावत असलेल्या आगीमुळे आणि ट्युली एल्क हरणांच्या चरण्यामुळे. आग थांबवली गेली, एल्क शिकारीत संपले. त्याच किनाऱ्यावरच्या पॉइंट रेयसला ते १९७८ मध्ये परत आणावे लागले. चराई आणि आग दोन्ही बंद झालेल्या रानांत कायोटी ब्रशची झुडपे पसरतात, आणि त्यांच्या सावलीत असल्या बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप हेझ आणि होल या संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासाचा आहे. किनारी गवताळ भागांत चराई असलेल्या ठिकाणी त्यांना स्थानिक वर्षायू फुलझाडे जास्त दिसली, बहुवर्षायू मात्र चराई नसलेल्या ठिकाणी. लार्क्सपर बहुवर्षायू, तेव्हा हा पुरावा माझ्या विरुद्ध जातो असे वाटेल. मला तो गुरांपेक्षा वेळापत्रकाच्या विरुद्ध वाटतो. ऐन फुलोऱ्यात खुडले गेलेले झाड बी कसे धरणार? तेच रान बी गळल्यावर चारले, तर तोंड लावायला लार्क्सपर वर उरलेलाच नसतो. दुसरी तक्रार पशुपालकांची, आणि ती खरी आहे: लार्क्सपरमधल्या अल्कलॉइडांनी गुरे मरतात. त्याला उत्तर म्हणजे गुरांऐवजी मेंढ्या चारणे; त्या हे विष बऱ्याच अंशी पचवतात. शिवाय झाड सुप्त असताना विषबाधेचा धोकाही सरतो. कासच्या पठारावर कुंपण आणि चराईवरून झालेला वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

अपवाद मी मान्य करते. सोनोमा किनाऱ्यालगतचा पिवळा लार्क्सपर आणि मरीन काउंटीमधला बेकर्स लार्क्सपर हे दोन्ही २००० पासून अमेरिकी कायद्याने संकटग्रस्त आहेत. मोजकीच झाडे उरलेल्या उतारावर एक चुकीची कापणीसुद्धा महागात पडते. तिथे कुंपण राहू द्यावे आणि झुडपे माणसांनी हाताने उपटावीत, दरवर्षी, बी गळून गेल्यानंतर.