हे शरीर कुणाचे?

उरणच्या विमला तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत आम्ही गेली सहा वर्षे आहोत. ओळखीची माणसे विचारतात, "काका, तुमचे बरे टिकले! आमचे पंधरा दिवसांच्या वर जात नाही." त्यांना काय सांगावे? आमचेही टिकत नव्हते. चार वेळा सुरू केले आणि चारही वेळा सोडले.

आमचे वडील मिठागरात मजूर होते. उन्हात मीठ ओढायचे, टोपल्या वाहायच्या. पुढे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरची यार्डे उभी राहिली आणि आम्हाला एका यार्डात नोंदी ठेवण्याचे काम मिळाले. मुलगा खुर्चीवर बसून काम करतो याचा वडिलांना कोण आनंद! आम्हालाही होता. पण रात्रपाळीला वडापाव, दिवसा झोप आणि नाक्यापर्यंत जायलाही मोटारसायकल, असे वर्षानुवर्षे चालले. चाळिशीत पोट सुटले, पन्नाशीत रक्तात साखर निघाली.

पहिल्यांदा चालायला लागलो ते डॉक्टरांचा कागद पाहून. तीन आठवडे टिकलो. दुसऱ्यांदा नव्या वर्षाचा संकल्प केला, तो महिना संपायच्या आत विरला. तिसऱ्यांदा मुलाने चांगले बूट आणून दिले. ते बूट पुढे लग्नकार्यालाच वापरले गेले. चौथी वेळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आमचे थोरले बंधू, दादा, यांनाही मधुमेह होता. या आजारात पायांची जाणीव हळूहळू बधिर होते. दादांच्या तळपायाला जखम झाली ती त्यांना कळलीच नाही. कळली तेव्हाही म्हणाले, "आपल्या पायांना काय होतंय? जन्मभर अनवाणी चाललोय." पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि दीड वर्षात दादा गेले. त्या धक्क्याने आम्ही तीन महिने रोज चाललो. मग दुःख ओसरले, त्याबरोबर भीतीही ओसरली, आणि एका पावसाळी सकाळी आम्ही कूस बदलून झोपलो ते झोपलोच.

सख्ख्या भावाच्या मरणानेही जे टिकत नाही ते टिकणार कशाने, हा प्रश्न तेव्हापासून मनाला टोचत होता.

त्याच वर्षावासात विहारात भन्तेजींनी कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट सांगितली. हा राजा द्रोणभर भात खायचा. द्रोण म्हणजे पत्रावळीजवळचा नव्हे, धान्य मोजायचे जुने मोठे माप. जेवून धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला रागावले नाही, आजाराची भीती घातली नाही, उपासही सांगितला नाही. जो सावध राहून मापाने जेवतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढ्या अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवले. अट्ठकथेत तर असे आहे की शेवटचा घास उचलताना गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असे एकेक घासाने राजाचे जेवण मापात आले, शरीर हलके झाले.

घरी येताना आम्ही विचार करीत होतो. राजाचे शरीर बदलले ते नंतर. आधी जेवताना त्याचे मन जागे झाले. आमचे मन कुठे होते? खरे सांगायचे तर, हे शरीर जपण्याजोगे आहे असे आम्हाला मनातून कधी वाटलेच नव्हते. दादांनाही वाटले नव्हते. आमच्या आज्या-पणज्यांचे शरीर गावाचे होते. वतनाच्या नावाखाली कुणीही हाक मारावी आणि कोसभर पिटाळावे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडले. वतने मात्र कायद्याने गेली ती १९५८ नंतर. कागदावरून वतन गेले, पण शरीर म्हणजे राबायचे हत्यार, ते मोडेपर्यंत वापरायचे, ही समजूत आमच्या डोक्यात तशीच राहिली. अंग दुखते म्हणणे म्हणजे नखरे, आणि फिरायला जाणे म्हणजे रिकामटेकड्या साहेबांचे काम! अशा मनाला भीती किती दिवस चालवणार?

त्या दिवशी ठरवले की हे शरीर आता आपले आहे, आणि आपल्या वस्तूची निगा आपण रोज राखतो. पाचव्यांदा सुरुवात केली ती तलावाच्या एकाच फेरीने. दोन महिने एकच फेरी. आमचा सुदर्शन म्हणजे आमची नात. ती दुसरा भात घेताना विचारायची, "आजोबा, भूक आहे का सवय आहे?" पहिल्यांदा राग आला. मग हात आपोआप थांबू लागला.

लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, असेही दिसले. आम्ही पूर्वी एक दिवस चुकला की स्वतःला शिव्या देऊन सगळेच सोडत होतो. आता चुकले तर चुकले, उद्या पुन्हा तलाव.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. आम्ही फिरून येऊन मोठेपणा सांगत होतो, तेव्हा आमची मंडळी एक दिवस म्हणाली, "तुम्हाला मन सापडलं, कारण सकाळची चूल मी सांभाळते. माझे गुडघे कुणाचे?" आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून सकाळचा चहा आणि भाताचा कुकर आमच्याकडे आहे. आधी ती फिरून येते, मग आम्ही जातो. ज्या घरात बाईच्या शरीराला वेळ नाही, त्या घराचे मन अजून बदललेले नाही, असे आम्ही समजतो.

मनाने साखर जात नाही, हेही सांगितले पाहिजे. आमची गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी होते. रोज रात्री दोन्ही तळपाय आरशात पाहतो, ते दादांनी न बोलता शिकवले. पण गोळी वेळेवर घेणारा, पाय पाहणारा, पहाटे उठणारा हात शेवटी मनच हलवते.

आता उरणपर्यंत लोकल आली आहे. १२ जानेवारी २०२४ पासून स्टेशनात गाडी लागते. आम्ही स्टेशनापर्यंत रिक्षा करीत नाही, चालत जातो. वाटेत कुणी जुना सोबती मोटारसायकल थांबवून म्हणतो, "बसा काका, सोडतो." आम्ही हसून नको म्हणतो. वाचक बंधू-भगिनींनो, तुम्हीही फार मोठा संकल्प करू नका. आज एक घास कमी करा आणि घराभोवती एक फेरी मारा. आणि ते करताना मनाशी एकदा विचारा, हे शरीर कुणाचे?