वरची कोथिंबीर

पुण्याहून निघताना हिने माझ्यावर एकच कामगिरी सोपविली होती. "मुलीला स्वच्छ विचारा, परत येणार आहेस की नाही. आणि आडवळणाने विचारू नका. तुम्ही विचारू लागलात की त्याचे व्याख्यान होते." तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसावर ही टीका अन्यायाची आहे, असे मला तेव्हा वाटले. परंतु न्यू ऑर्लीन्स येथे कन्येच्या बिऱ्हाडी आठ दिवस काढूनही तो प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता, आणि आता शेवटचा एकच दिवस हाती उरला होता. त्या दिवशी सकाळी तिने प्रयोगशाळेतून रजा घेतली आणि ती म्हणाली, "बाबा, आज दिवसभर तुम्ही म्हणाल तिकडे जाऊ. रात्री मात्र मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे."

प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर कळावे, तशी माझी गत झाली. नदीच्या गाळाचा अभ्यास करून नुकतीच डॉक्टर झालेली मुलगी बापाला 'थोडे बोलायचे आहे' म्हणते, तेव्हा ते काय असते हे समजायला वाङ्मयाचा व्यासंग लागत नाही. त्या क्षणापासून रात्र शक्य तितकी दूर ढकलण्याच्या खटपटीला मी लागलो. एरवी दोन प्रेक्षणीय स्थळे पाहिली की माझे गुडघे तक्रार करू लागतात. पण त्या दिवशी माझ्यासारखा उत्साही प्रवासी त्या शहराने क्वचितच पाहिला असेल.

आम्ही सेंट चार्ल्स रस्त्यावरच्या ट्रॅमने निघालो. हा मार्ग १८३५ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. त्यावरील हिरवे डबे १९२० नंतरच्या काळातले असून, परतीच्या फेरीला त्यांच्या लाकडी बाकांच्या पाठी उलट्या फिरवितात. मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली. मी ती केवळ वडिलांच्या बोलण्यात ऐकलेली. त्यामुळे वडिलांच्या तारुण्यात आपण बसलो आहोत असा काहीसा भास मला होत होता. रस्त्याच्या दुतर्फा ओकची प्रचंड झाडे आहेत, आणि त्यांच्या फांद्यांवर कार्निव्हलच्या मिरवणुकीत उधळलेल्या रंगीत मण्यांच्या माळा लोंबत असतात. त्या कोणी काढीत नाही.

न्याहारी झाली ती 'कॅफे दु मोंद' या १८६२ पासूनच्या उपाहारगृहात. तेथे मागवायचे ते बेन्ये. हे तळलेले चौकोनी, फुगीर वडे एका बशीत तीन येतात आणि पिठीसाखरेच्या ढिगाखाली जवळजवळ दिसेनासे झालेले असतात. ते खाताना श्वास आत घ्यायचा नाही आणि हसायचे तर मुळीच नाही, असे कन्येने बजाविले. आणि त्यामुळेच मला हसू आले. माझा काळा कोट क्षणार्धात पांढरा झाला. कॉफीत चिकोरी होती. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा लोकांनी चिकोरीवर वेळ निभावली. युद्ध संपले, कॉफी परत आली. पण चिकोरी गेली नाही. तात्पुरती म्हणून आलेली गोष्ट कशी कायमची होऊन बसते, याचा विचार मनात आला. तो मी कॉफीबरोबरच गिळून टाकला.

समोर जॅक्सन चौक आणि तीन मनोऱ्यांचे सेंट लुई देवालय. शेजारच्या कॅबिल्डो या इमारतीत १८०३ साली हा मुलूख फ्रान्सने अमेरिकेच्या हवाली केला. नेपोलियनने तो दीड कोट डॉलरला विकला होता. या भागास फ्रेंच पेठ म्हणत असले, तरी १७८८ आणि १७९४ च्या आगींत मूळची घरे बहुतेक जळाली आणि नवी उभी राहिली ती स्पॅनिश अमदानीत. हे सर्व मी कन्येला समजावून सांगितले. ती तेथे सहा वर्षे राहते आहे, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आले.

जवळच्या बाजारात तिने हिच्यासाठी पिकन नावाच्या कवचीच्या फळाची साखरेत घोळलेली वडी घेतली. विकणाऱ्या बाईने पुड्यात एक वडी वर टाकली आणि हसून म्हटले, "लान्याप!" गिऱ्हाइकाला मोलाच्या वर काही फुकट द्यावयाचे, त्याला येथे हा शब्द आहे. पेरू देशाकडील केचुआ भाषेतून तो स्पॅनिशमध्ये आला आणि तेथून येथल्या फ्रेंचमध्ये. मार्क ट्वेनने १८८३ साली मिसिसिपीवरील आपल्या पुस्तकात त्याची मोठी वाखाणणी केली आहे. मला आमची मंडईतली भाजीवाली आठवली. ती वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, आणि ही त्या पुरेशा नाहीत म्हणून आणखी दोन मागते. शब्द मला फार सोयीचा वाटला. एक संग्रहालय पाहून झाले, की मी म्हणे, "आता लान्याप म्हणून ते पलीकडचेही पाहू." कन्या काही न बोलता बरोबर येई.

दुपारी आम्ही गंबो खाल्ला. आफ्रिकेतील भाषांमध्ये भेंडीला जे नाव आहे, त्यावरून हा शब्द आला. गुलाम करून आणलेल्या माणसांजवळ दुसरे काही उरले नव्हते. पण हा शब्द उरला. भेंडी, कोलंबी आणि खेकडे एकाच भांड्यात शिजविलेले पाहून माझ्या कोकणी मनाने प्रथम निषेध नोंदविला, आणि नंतर भात पुन्हा मागवून तो मागे घेतला.

याच माणसांना रविवारी जमून ढोल वाजविण्यास आणि नाचण्यास मोकळीक असे ती जागा, काँगो चौक, आता लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या उद्यानात आहे. १८१७ साली नगरसभेने असे जमणे एकाच ठिकाणापुरते बांधून टाकले होते. उद्यानात आर्मस्ट्राँगचा पुतळा आहे. तो १९०१ मध्ये या शहरात जन्मला, एकविसाव्या वर्षी शिकागोला गेला आणि पुन्हा येथे राहावयास कधी आला नाही. १९५६ मध्ये या राज्याने गोऱ्या व काळ्या वादकांस एकत्र वाजविण्याची बंदी केली, तेव्हा त्याने जन्मगावी वाजविणेच सोडले. आला तो १९६५ साली. आता शहराच्या विमानतळाला त्याचेच नाव आहे. आठ दिवसांपूर्वी तेथेच मी उतरलो होतो. पुतळ्यापाशी मी जरा अधिक वेळ उभा राहिलो. कन्या म्हणाली, "बाबा, पाय दुखताहेत का?"

तिन्हीसांजेला नदीकाठी गेलो आणि नावेने मिसिसिपी ओलांडली. येथे नदी वर आणि शहर खाली. बंधाऱ्यामागच्या रस्त्यावरून पाहिले, तर जहाजे डोक्यावरून गेल्यासारखी वाटतात. २९ ऑगस्ट २००५ च्या कत्रिना वादळात शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग बुडाला, तो मात्र नदीने नव्हे. कालव्यांच्या भिंती फुटल्या म्हणून. कठड्याला टेकून कन्या बोलू लागली, आणि तिला इतके भरभरून बोलताना मी प्रथमच ऐकले. ही सारी भूमी नदीने गाळ आणून घडविली. पुराला अडवावे म्हणून माणसांनी बंधारे घातले. पूर थांबला, आणि त्याबरोबर गाळही. मग जमीन खचू लागली. तेलासाठी खणलेल्या कालव्यांनी उरलेली कुरतडली. १९३० नंतर या राज्याची सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर भूमी समुद्राखाली गेली आहे. "जपण्यासाठी घातलेल्या भिंतीनेच ती उपाशी मरते आहे, बाबा." ती हे निव्वळ गाळाविषयी बोलत होती, याची मला खात्री आहे. रूपके शोधण्याची खोड आमच्या धंद्याची.

रात्र पडली. बूर्बाँ रस्त्यावरून आम्ही झपाट्याने निघून गेलो. हे नाव मद्यावरून नव्हे तर फ्रान्सच्या राजघराण्यावरून पडले आहे. पण भर रस्त्यात पेले घेऊन डोलणाऱ्या त्या गर्दीला ते सांगण्यात अर्थ नव्हता. पुढे 'प्रिझर्वेशन हॉल'. १९६१ पासून येथे जुन्या वळणाचे जाझ वाजते. खोली लहान आणि कळकट. मद्य मिळत नाही. आम्ही चक्क जमिनीवरच्या उशांवर बसलो. ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि ट्राँबोन एकाच वेळी तीन वाटांनी निघाले. आता ही मंडळी परस्परांस सापडत नाहीत, असे वाटते न वाटते तोच ती समेवर यावीत तशी एकत्र आली, आणि माझ्या तोंडून आपल्या बैठकीतली 'वाहवा' निघून गेली. पाऊण तास कसा सरला ते कळले नाही.

बाहेर अकरा वाजत आले होते. फ्रेंचमेन रस्त्याच्या कोपऱ्यावर दहाबारा पोरांचा एक ताफा पितळी वाद्ये वाजवीत होता. मी म्हणालो, "लान्याप म्हणून एवढे ऐकू."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "लान्याप विकणाऱ्याने आपणहून द्यायचे असते. गिऱ्हाइकाने मागायचे नसते."

तेव्हा मात्र मी हिची आज्ञा अक्षरशः पाळली. एका वाक्यात विचारले, "तू परत येणार नाहीस ना?"

"येथल्या किनाऱ्याचे पाच वर्षांचे काम मिळाले आहे. मी हो म्हणून कळविले आहे. पुढचे मला खरेच ठाऊक नाही, बाबा. तुम्हाला आधी विचारायला हवे होते का?"

मी बराच वेळ काही बोललो नाही. ढोल इतका जवळ वाजत होता की न बोलणे शोभून गेले. मग म्हणालो, "बुडणाऱ्या गावात घर घेताना वरच्या मजल्यावर घे." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पुण्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ होत आले होते. ठरल्याप्रमाणे हिचा फोन आला. "विचारलेत?"

"विचारले."

"व्याख्यान तर नाही ना दिलेत? आणि मागे हा कसला गलका?"

"वरात चालली आहे," मी म्हणालो आणि फोन मुलीच्या हाती दिला. मायलेकी बोलू लागल्या. मी चार पावले बाजूला झालो आणि कोटाच्या बाहीवर सकाळची साखर अजून होती, ती झटकू लागलो.