लांब हातांची कोळंबी



या वेळचा विषय जरा वेगळा आहे. कोळंबी. आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख ताटातली. शुक्रवारी मांस वर्ज्य असले तरी कोळंबी चालते, आणि वसईची मावशी सोडे घेऊन आली की आमच्या भोपाळच्या घरात आठवडाभर तोच वास. पण आज जिच्याविषयी लिहीत आहोत ती काचेच्या टाकीत राहणारी, गोड्या पाण्यातली आहे. आणि ती शिकारी आहे.

रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा लहान गट आमच्या हॉलमध्ये बसतो. तिथेच दोन फुटी टाकी आहे. तिच्यात गप्पी मासे आणि लाल चेरी कोळंब्या. चेरी मूळची चीन-तैवानकडची, वाढून जेमतेम तीन सेंटीमीटर, स्वभावाने अगदी गरीब. दिवसभर दगडावरचे शेवाळ वेचत असते. मुलांनी खाऊच्या पैशांतून त्या आणल्या, त्यामुळे हजेरी आधी कोळंब्यांची होते, मग मुलांची. गेल्या हिवाळ्यात दुकानातून ‘घोस्ट श्रिम्प’ या नावाने चार पारदर्शक कोळंब्या टाकीत आल्या. महिन्याभरात चेरींची हजेरी घसरू लागली. एकवीस, अठरा, चौदा. मग एका सकाळी एका गप्पीची फक्त शेपटी सापडली.

‘घोस्ट’ हे नाव रंगावरून पडले आहे, जातीवरून नाही. काचेसारखी दिसणारी कोणतीही कोळंबी या नावाने विकली जाते. त्यातल्या काही निरुपद्रवी असतात. पण आपल्याकडच्या दुकानांत येणाऱ्या बऱ्याच कोळंब्या मॅक्रोब्रॅकियम या वंशातल्या निघतात. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘लांब बाहू’. नाव ठेवणाऱ्याने काम सोपे करून ठेवले आहे: हात पाहा.

कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. पहिल्या दोन जोड्यांना टोकाशी नांग्या. चेरीच्या नांग्या इतक्या छोट्या की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि त्यांच्या टोकाला केसांचे झुबके असतात, आपल्या दात घासायच्या ब्रशसारखे. ते शेवाळ झाडून घेण्यासाठी. मॅक्रोब्रॅकियमची दुसरी जोडी मात्र लांबच लांब असते. पूर्ण वाढलेल्या नराचा हात कित्येक जातींत अंगाइतका किंवा अंगाहून लांब होतो, आणि टोकाला खराखुरा चिमटा. ती चालते तेव्हा हे दोन हात पुढे धरून, आंधळ्याने काठी धरावी तशी. कपाळावरचा काटाही पाहावा. या कोळंबीचा काटा चांगला मोठा असतो आणि त्याला करवतीसारखे दाते असतात. फक्त पिल्लू असताना हात सुतासारखे बारीक आणि पारदर्शक असल्यामुळे पिशवीतल्या पाण्यात ते दिसतच नाहीत. रात्री दिवे मालवून तासाभराने टॉर्च मारावा. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि दिवसभर लाकडाखाली बसलेली बाई शिकारीला निघालेली दिसते.

या वंशात दोनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या देशातली लामारी ही त्यातली एक. तिला शास्त्रीय नाव १८३७ मध्ये मिळाले. ती पारदर्शक, बारीक हातांची, नद्या-तळ्यांत सर्वत्र सापडणारी. दायानम ही तिच्याहून दणकट, तपकिरी रंगाची. आणि बाजारात जिला जंबो झिंगा किंवा स्कॅम्पी म्हणतात ती निळ्या हातांची रोझेनबर्गी याच घराण्यातली. तिचा नर तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो. शेततळ्यात ती ठीक. घरच्या टाकीत आणण्याचा विचारही करू नये.

मुलांना आम्ही हे सगळे दाखवले. टाकीसमोर गुडघ्यांवर बसून त्यांनी चौघींचे हात पाहिले. चारही लांब. चौथीतली एक मुलगी, जिच्या स्वतःच्या तीन चेरी गेल्या होत्या, तिने विचारले, “काका, ही बदमाश आहे का? हिला मारायचं का?” मागून एक आजोबा म्हणाले, “मारायचं कशाला, तळून टाका.” सगळे हसले. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मग देवाने हिला असं बनवलंच का?”

अशा वेळी आम्हा धर्मशिक्षकांना तयार उत्तराचा मोह होतो, आणि इथे ते हाताशीच होते. मत्तयच्या सातव्या अध्यायात प्रभू खोट्या संदेष्ट्यांना मेंढरांचे कातडे पांघरलेल्या लांडग्यांची उपमा देतो. पारदर्शक, नाजूक, आतून शिकारी; पाच मिनिटांत छान बोधकथा झाली असती. पण ती खोटी झाली असती. कोळंबीने कोणतेही कातडे पांघरले नव्हते. तिचे हात पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होते. खोटे काही असेल तर ते पिशवीवरचे नाव. ज्या प्राण्याने आपला स्वभाव कधी लपवला नाही, त्याला ढोंगी म्हणणे म्हणजे त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देणेच की.

म्हणून आम्ही १०४ वे स्तोत्र काढले. त्यात सिंहाचे छावे रात्री भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि स्तोत्रकर्ता त्याला देवाजवळ अन्न मागणे म्हणतो. तिथे सिंहाला दोष दिलेला नाही. रात्र त्याची, दिवस माणसाच्या कामाचा, एवढी वाटणी मात्र आहे. ईयोबाच्या पुस्तकातही देव सिंहिणीच्या आणि कावळ्याच्या पिलांच्या भुकेविषयी बोलतो. यशयाच्या अकराव्या अध्यायात सिंह गवत खातो, तीही देवाचीच वाट आहे. पण ती अजून यायची आहे. ती आल्यासारखे धरून लांब हातांची कोळंबी चेरींसोबत ठेवली तर त्याची किंमत चेरी मोजते. मुलीचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. तिने विचारले, “मग हिची वाटणी कुठली?”

हा प्रश्न चांगला होता, कारण त्याचे उत्तर हातांनी देता येते. एकाने सुचवले, बडा तालाबमध्ये सोडून द्या. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर पाणथळ क्षेत्र आहे, शहर त्याचे पाणी पिते. दुकानातला प्राणी कुठून आला, कोणता रोग घेऊन आला, काही ठाऊक नसते. टाकीतले काहीही तलावात सोडू नये, गणपतीच्या दिवसांत नाही आणि ईस्टरलाही नाही. कोळंबी पाळली की ती आपली जबाबदारी.

तेव्हा दुसरी टाकी. जुनी होती, ती मुलांनी घासली. तळाला वाळू, वर फुटक्या कवेलूंचे तुकडे, नारळाची करवंटी आणि प्लंबरकडून आणलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, दर कोळंबीमागे दोन तरी लपायच्या जागा. कारण ही एकमेकींनाही खातात, विशेषतः कात टाकल्यावर. जुने कवच सोडले की नवे एक-दोन दिवस मऊ असते आणि तेव्हा ती कुणाचाही घास होऊ शकते. वाळूवर रिकामे कवच दिसले की मुले रडू लागतात, मेली म्हणून. ते काढू नये. कोळंबी तेच खाऊन नव्या कवचासाठी चुना मिळवते. दोन मोठे नर एका टाकीत नकोत. स्पंजचा फिल्टर बरा. नळाचे पाणी क्लोरीन घालवूनच घालावे. माशांच्या औषधांत तांबे असते, ते माशांना सोसते पण कोळंबीला मारते. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय थेंबही नको. झाकण घट्ट हवे, कारण ती वायरवरून चढून बाहेर येते. भोपाळच्या मे महिन्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडतो. जेवण संध्याकाळी: बुडणाऱ्या गोळ्या, कधी माशाचा तुकडा, कधी सोललेला उकडलेला मटार. पोट भरलेले असले तरी झोपलेला मासा ती सोडत नाही, म्हणून या टाकीत मासे नाहीतच.

चेरी आता सव्वीस आहेत. पिल्ले मोजता येत नाहीत.

लांब हातांच्या चौघांपैकी एक नर आहे. हलवताना त्याची डावी नांगी जाळीत अडकून तुटली होती. कोळंबीचा अवयव कात टाकताना पुन्हा येतो. पहिल्या कातीला तिथे नुसते बोंड दिसले, दुसरीला तांदळाच्या दाण्याएवढा हात. ती मुलगी दर रविवारी पट्टी घेऊन येते आणि काचेला लावून तो मोजते. परवा अकरा मिलिमीटर भरला.