वेलांटी आधी की नंतर?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी लेक साडेपाच वर्षांची होती. जूनमध्ये तिचे पहिलीचे वर्ष सुरू झाले ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि दोनच आठवड्यांत कळून चुकले की अक्षरे शिकवण्याचे काम घरीच करावे लागणार. मराठीची एम. ए., गाठीशी बऱ्याच वर्षांचे अध्यापन. मुळाक्षरांचे ते काय एवढे, अशा समजुतीत मी होते. या समजुतीची किंमत पुढे तिने मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न कित्त्याचा होता. ध्वनी ओळखणे आणि शब्द वाचणे हा एक धडा, अक्षर वळणदार काढणे हा दुसरा. दोन्हींसाठी एकच पुस्तक असावे असे मला वाटे. मिळालेल्या पुस्तकांपैकी एकात ‘ल’ हिंदी वळणाचा, दंड असलेला होता. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला आहे, तेव्हा ते पुस्तक बाद. दुसरे वर्णमालेच्या क्रमाने जाणारे, ठिपक्यांची अक्षरे असलेले, छपाई सुंदर. तेच घेतले. ‘ल’वर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, या पुस्तकाचा क्रम पाच वर्षांच्या हाताला झेपेल का, हा विचार मात्र मनाला शिवला नाही.

वर्णमाला ही उच्चारशास्त्राची थोर रचना आहे, हे मीच वर्गात सांगत आले. कंठापासून ओठांपर्यंतची उच्चारस्थाने, अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष, शेवटी अनुनासिक. पण ही रचना मुखाची आहे, हाताची नव्हे. त्या क्रमाने गेले की आरंभीच ‘अ’, ‘इ’, ‘ई’ ही वळणाने अवघड अक्षरे येतात आणि ‘क’वर्गाच्या शेवटी ‘ङ’, ज्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाला ठाऊक नसतो. जुन्या मास्तरांनी म्हणूनच ‘ग म भ न’ हा क्रम रूढ केला असावा. चारही अक्षरांच्या उजवीकडे काना, डावीकडचे वळण कमीअधिक सारखे. आणि चार अक्षरांतच मन, नभ, नग, गगन, नमन असे खरे शब्द हाती लागतात. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत याच क्रमाने शिकवत असे. फोनवर तिने तसे सुचवलेही. ‘आता फोनिक्सची पद्धत आहे गं,’ असे काहीतरी मी उत्तरले.

वास्तविक फोनिक्स ही पद्धत इंग्रजीची गरज आहे. तिथे अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसरा. आपल्याकडे ‘क’चे नाव ‘क’ आणि ध्वनीही ‘क’च. मराठी मूल मुळाक्षरांपाशी फारसे अडखळत नाही. ते अडखळते स्वरचिन्हांपाशी आणि जोडाक्षरांपाशी, कारण तिथे कान एक क्रम सांगतो आणि हात दुसरा. ‘दिवा’ म्हणताना आधी ‘द्’ ऐकू येतो, मागून ‘इ’. लिहिताना वेलांटी आधी. ‘अर्क’मधला ‘र’ ऐकू येतो ‘क’च्या आधी, बसतो ‘क’च्या डोक्यावर. माझी लेक ‘दिवा’ लिहिताना आधी ‘द’ काढी, मग मागे येऊन डावीकडे वेलांटी देई. जागा चुके, वेलांटी शेजारच्या अक्षराला धडके, आणि मी खोडून पुन्हा लिहायला लावी. ती चुकत नव्हती. ऐकल्या क्रमाने लिहीत होती. आज आपल्या संगणकातल्या युनिकोडमध्येही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतरच साठवली जाते, दिसते मात्र आधी. यंत्राला ही सवलत आहे. मी ती मुलीला दिली नाही.

ऑगस्टमध्ये तिने आजीला पत्र लिहायचे ठरवले. आमच्या गॅलरीत मांजरीने तीन पिल्ले घातली होती, ती बातमी द्यायची होती. दुरेघी वहीच्या पानावर तिने सहा ओळी लिहिल्या, निम्म्या रेघांबाहेर. मी खुणा केल्या. पुन्हा लिहून घेतले. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला तिने विचारले, ‘पिल्लं नाही लिहिलं तर चालेल?’ वेलांटी, जोडाक्षर आणि अनुस्वार, सगळे एकाच शब्दात. मी म्हटले, ‘चालेल.’ पत्र तीन ओळींचे झाले, अक्षर टपोरे.

पत्र पोचल्यावर आईचा फोन आला. ‘अक्षर चांगलं आहे गं. पण मांजरीचं काय झालं? पत्रात लिहिते म्हणाली होती.’

त्यानंतर बरेच दिवस लेकीने वही आपणहून उघडली नाही. वाचायलाही ती टाळाटाळ करू लागली, कारण माझ्या पद्धतीत वाचलेला प्रत्येक शब्द लगेच लिहावा लागे.

दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. सारखी अक्षरे, सरळ ओळी, भोवती मोकळी जागा हे तिथले आग्रह मी कितीदा कौतुकाने सांगितले असतील. पण तो उपदेश ग्रंथाची प्रत करणाऱ्याला आहे. त्याच्यापुढे मजकूर तयार असतो. मुलाला मजकूरही स्वतःच घडवायचा असतो. मी माझ्या लेकीला लेखनिक करू पाहत होते.

वाट सापडली ती माँटेसोरीबाईंकडे पुन्हा वळल्यावर. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी बालगृह सुरू केले आणि तिथली मुले वाचण्याआधी लिहू लागली, एवढेच मला स्मरत होते. त्यामागची मांडणी मी विसरले होते. ध्वनी म्हणत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून फिरते ते बोट, पेन्सिल नव्हे. पेन्सिलीवरचा ताबा निराळा येतो, धातूच्या भौमितिक साच्यांत रेघा भरून. कान आणि हात यांची भेट घडते, पण दोघांची तालीम वेगळी. आपल्याकडे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांत काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी ही दृष्टी मराठीत रुजवली. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणारे आपले जुने पंतोजीही यापासून फार दूर नव्हते.

मग आम्ही दोन वेगळे वेळ ठेवले. सकाळी ताटात रवा पसरून बोटाने शब्द; तिथे वेलांटी केव्हाही दिली तरी चाले. संध्याकाळी दहा मिनिटे कित्ता, ‘ग म भ न’ आणि मग व-ब-क अशा सारख्या वळणांच्या गटांनी. ठिपक्यांचे पुस्तकही मिटले. ठिपके आकार दाखवतात, दिशा नाही, आणि लेक ‘म’ची सुरुवात कान्यापासून करत होती. वाचन मोकळे झाले, ते हाताची वाट न पाहता पुढे गेले. अक्षर सावकाश मागून आले.

कित्ता कोणता घ्यावा, असे आता कुणी विचारले तर मी एवढेच सांगते: वळणांच्या क्रमाने जाणारा घ्या, आणि वाचनाला त्याच्या दावणीला बांधू नका.

लेक आता मोठ्या इयत्तेत आहे. घाईत लिहिताना अजूनही आधी अक्षर काढते, मग मागे येऊन वेलांटी देते. उत्तरपत्रिका तपासताना माझी नजर तिच्या वहीकडे जाते, आणि मी पुन्हा समोरच्या गठ्ठ्यात डोके घालते.