उपान्त्य भागाचा पक्ष

प्रिय विनायकराव यांस,


‘बिग लव्ह’ ही अमेरिकन मालिका आपण तडीस नेलीत आणि तिचा शेवट आपल्या मनास भावला, हे पत्रावरून समजले. माझा कौल मात्र १३ मार्च २०११ रोजी प्रथम दाखविल्या गेलेल्या उपान्त्य भागाच्या बाजूने आहे; आठवड्याने आलेल्या अंतिम भागाने जे हिरावून घेतले, ते तेथे अजून शाबूत होते.

सॉल्ट लेक सिटीनजीकच्या सँडी गावातील ती तीन घरे आठवा. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तीन स्वतंत्र बिऱ्हाडे. मागे मात्र एकच सामाईक परसू आणि त्यातून बार्ब, निकी, मार्जीन या तिघींची व त्यांच्या मुलांची अखंड ये-जा. तिघींचा पती एकच, बिल; त्याच्या रात्रीसुद्धा पाळीने वाटलेल्या. सरकारी दप्तरात इतकी वर्षे पत्नी म्हणून नोंद होती ती एकट्या बार्बची. परंतु निकीच्या मुलीस दत्तक घेण्याची सोय व्हावी म्हणून बिलने पाचव्या पर्वात बार्बपासून रीतसर घटस्फोट घेतला आणि निकीशी विवाह नोंदविला. ज्या थोरलीने संसार उभा केला, तिच्या हाती कागदसुद्धा उरला नाही. मग तिने स्त्रीलाही पौरोहित्याचा अधिकार मागावा आणि त्यासाठी दुसऱ्या पंथाकडे वळावे, यात नवल ते कोणते?

इकडे कायदाही दाराशी आलेला. विवाहसमयी मार्जीन अवघी सोळा वर्षांची होती, हे उघड झाल्यामुळे युटा राज्याच्या सिनेटमध्ये बसलेल्या बिलवर फौजदारी आरोपाचे सावट आले. मॉर्मन चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्वास अधिकृतपणे रजा दिली, १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला तो ही प्रथा संविधानानेच वर्ज्य करून. तरीही श्रद्धेपोटी ती चालविणारे पंथ उरलेच, आणि बिलचा संसार त्याच परंपरेतला. धर्मावरील विश्वास मोकळा, आचरणाला मात्र कायद्याची वेसण, हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये रेनॉल्ड्सच्या खटल्यात केला होता. आपणांस हे नवे नाही: मुंबई इलाख्याच्या १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्यास नरसू अप्पा माळीच्या खटल्यात आव्हान मिळाले, तेव्हा १९५१ मध्ये छागला व गजेंद्रगडकर यांनी तो कायम राखताना हीच वाट धरली.

उपान्त्य भागाची थोरवी अशी की, तेथे हे दोन्ही दावे, राज्याचा बिलवर आणि बार्बचाही बिलवर, एकाच वेळी उभे आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसरा त्याला अधिक जड जातो. कोर्टाला तोंड देण्याची त्याची तयारी आहे, पत्नीला नाही.

आणि अंतिम भागात काय होते? हिरवळीच्या क्षुल्लक कारणावरून बिथरलेला शेजारी गोळी झाडतो, आणि मरता मरता बिल बार्बकडेच आशीर्वाद मागतो. तो प्रसंग हृद्य आहे, हे मी नाकारीत नाही. पण जे जिवंतपणी भांडून मिळवायचे, ते तिला वारसाहक्काने मिळाले. आपण उभी हयात वकिली केलीत. आरोपी मयत झाल्यामुळे खटला निकाली निघाला, तर त्याला आपण निवाडा म्हणाल काय?

वहिनींस सा. न. उत्तर सवडीने यावे.

आपला,
गोविंद