गुंडूचा हजेरीपट

सकाळचे साडेसहा आणि सायंकाळचे साडेसहा या दोन वेळांना आमच्या घरात आज जे महत्त्व आहे, ते त्रिकाळ संध्या करणाऱ्या आमच्या आजोबांच्या घरातही कोणत्या वेळेला नसेल. या दोन वेळी आमचा बोका गुंडू यास इन्सुलिनची सुई टोचावी लागते. लग्नाचा मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढून देतात. शाळेची घंटा पाच मिनिटे उशिरा झाली तर मुले उलट आम्हांलाच दुवा देतात. गुंडूच्या डॉक्टरीणबाईही म्हणतात की अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने आकाश कोसळत नाही. पण आमचा पिंड मुख्याध्यापकाचा. वेळ म्हणजे वेळ!

"बोक्याला मधुमेह?" असे विचारून लोक हसतात. आम्ही रागावत नाही, कारण प्रथम आम्हीही हसलो होतो.

गुंडू आमच्या घरी आला तो २०१३ च्या जुलै महिन्यात. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो महिना सांगावयास नको. आठ दिवस सूर्यदर्शन नव्हते. मागील दारी रचलेल्या लाकडांत एक मुठीएवढे पिलू कुडकुडत होते. आईने ते पदरात घेतले आणि चुलीपाशी ठेवले. महिनाभरात ते असे काही बाळसे धरू लागले की समोरच्या कन्नड शेजाऱ्यांनीच त्याचे बारसे केले. गुंडू म्हणजे त्यांच्या भाषेत वाटोळा. आमच्या गावात दोन भाषा एकाच नळावर पाणी भरतात, त्यामुळे नाव कोणाचे, हा वाद झाला नाही.

आमचे घर शाकाहारी. त्यामुळे गुंडूचा आहार म्हणजे दूधभात, दूधपोळी आणि वरून साय. शिवाय आणखी एक गोष्ट. आईला पंधरा वर्षांचा मधुमेह होता. घरी कुंदा आला की ती आपला वाटा बाजूला सारून म्हणे, "माझ्या वाटणीचा गुंडूला द्या. तो खाल्ला की मी खाल्ल्यासारखेच." आम्ही सारे या वाक्यावर कौतुकाने हसत असू. आईची वाटी गुंडूपुढे रिकामी होई.

आई २०१९ साली गेली. गुंडू राहिला.

२०२३ च्या आरंभी त्याच्या वागण्यात पालट दिसू लागला. जो बोका पाण्याला शिवत नसे, तो न्हाणीतल्या बादलीवर पुढचे पाय टेकून पाणी पिऊ लागला. खाणे वाढले आणि शरीर मात्र उतरू लागले. एकेकाळी पावणेसात किलो असलेला हा गृहस्थ पाच किलोंवर आला. मग मागच्या पायांची चाल बिघडली. मांजर बोटांवर चालते. हा टाच जमिनीला टेकून, उकिडव्या माणसाने सरकावे तसा चालू लागला. आम्ही निदान केले, म्हातारपण! दहा वर्षांच्या मांजराला हे व्हायचेच. एवढे बोलून आम्ही परीक्षेच्या कामाला लागलो.

खरे निदान केले ते मुंग्यांनी. न्हाणीच्या कोपऱ्यात गुंडूसाठी वाळूची पाटी ठेवलेली असे. एके सकाळी सौ. ने हाक मारली, "अहो, इकडे या आणि बघा." उंबऱ्यापासून त्या पाटीपर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग लागली होती. मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाचे पूर्वलक्षण म्हणून चरकसंहितेत नोंदलेले आहे. ते आम्ही वाचलेले होते, वर्गात कधी सांगितलेही होते. पण पुस्तकातील मुंग्या आणि न्हाणीतील मुंग्या एकच, हे कळावयास सौ. ला हाक मारावी लागली.

डॉक्टरीणबाईंच्या यंत्राने रक्तातील साखर ४१२ दाखविली. मांजराची सामान्य साखर साधारणतः ८० ते १२० असते. तथापि बाईंनी लगेच निर्णय दिला नाही. मांजर दवाखान्यात घाबरले तर केवळ भीतीनेही त्याची साखर पुष्कळ चढते, म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि मागील दोनेक आठवड्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ताची दुसरी चाचणी करविली. दोन्ही उत्तरे एकच आली. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, औषध आहे. पण सुई तुम्हालाच द्यावी लागेल. रोज दोन वेळा, घरी. जमेल?"

हाच प्रश्न आम्हांला पूर्वी एका डॉक्टरांनी विचारला होता, आईसाठी. तेव्हा आई म्हणाली होती, "सुई लागली की माणूस संपला. मी कारल्याचा रस घेईन." आणि आम्ही, एम. ए. झालेला तिचा मुलगा, तिच्या भीतीवर एक शब्द न बोलता म्हणालो होतो, "बघू, पुढच्या महिन्यात." पुढचा महिना दोन वर्षे आला नाही. आली ती पायाच्या अंगठ्याची न भरणारी जखम.

डॉक्टरीणबाईंना आम्ही म्हणालो, "जमेल."

जमणे सोपे नव्हते. प्रथम आम्ही उशीवर सराव केला. मग गुंडूवर. पाठीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून किंचित उचलावी, तिचा लहानसा तंबू होतो, त्या तंबूत सुई अलगद सारावी. सांगावयास एवढेच. दुसऱ्याच दिवशी आमची सुई तंबूच्या या दारातून शिरून त्या दारातून बाहेर पडली आणि औषध केसांवर सांडले. इन्सुलिनला एक उग्र वास असतो, त्यावरून ते कळले. अशा वेळी किती आत गेले हे नक्की नसते, म्हणून पुन्हा टोचावयाचे नाही, पुढील वेळेची वाट पाहावयाची. एखादी मात्रा चुकल्याने तेवढे बिघडत नाही. दुप्पट झाल्याने मात्र प्राण जाऊ शकतो. गंमत अशी की गुंडूने सुईला कधीच हरकत घेतली नाही. वशिंडाएवढी भीती होती ती आमच्याच मनात. साखर तपासण्यासाठी कानाच्या कडेला टोचावे लागते. कोमट फडक्याने कान शेकला की थेंब लवकर येतो. त्यानंतर उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा द्यावयाचा. आता यंत्र काढले की गुंडू स्वतःच येऊन बसतो.

कोंबडी हा शब्द आमच्या घरात कसा शिरला, तेही सांगितले पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी दूधभात पूर्ण बंद केला. मांजर हा जन्मतः मांसाहारी प्राणी. भात, पोळी, साखर पचवून त्यांचा निकाल लावण्याची सोय निसर्गाने त्याला फारशी दिलेली नाही. दुकानातील कोरड्या खाद्यातही पिष्ट पुष्कळ असते, म्हणून कमी पिष्टाचे ओले खाद्य आणि जोडीला साधे उकडलेले मांस असा आहार ठरला. नुसते मांसही पुरेसे नाही, त्यात काही आवश्यक घटक उणे पडतात, हे त्यांनी बजावले. आमच्या स्वयंपाकघरात हे होणे शक्य नव्हते. मदतीला धावल्या शेजारच्या काकू. "गुर्जी, मी शिजवून देतो की," त्या आमच्या बेळगावी थाटात म्हणाल्या. पण कांदा, लसूण मांजराला विष आहेत आणि मीठमसाला वर्ज्य, हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. कांद्याविना कोंबडी म्हणजे त्यांच्या मते त्या कोंबडीचाच अपमान! आज त्या दर एक दिवसाआड तो अपमान करतात आणि डबा आमच्या मागील दारी ठेवून जातात.

नोंदीसाठी आम्ही शाळेतल्यासारखाच एक हजेरीपट आखला. तारीख, वेळ, साखर, मात्रा, खाणे, पाणी, वजन आणि शेवटी शेरा. आरंभीचे शेरे असे आहेत : "उदास." "दोनदा ओकला." "आज उडी मारून खिडकीत बसला."

आता आमच्या चुकीकडे येतो. ती लपविण्यात अर्थ नाही, कारण ती इतरांकडूनही होऊ शकते. २०२३ च्या गणेशोत्सवात घरात पाहुणे होते आणि सुया संपल्या. आम्ही घाईने औषधाच्या दुकानातून नवी पुडी आणली. आपल्याकडे इन्सुलिनच्या सुया दोन प्रकारच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० एकक असलेल्या औषधासाठी लाल टोपणाची, १०० एकक असलेल्यासाठी नारिंगी टोपणाची. गुंडूचे औषध १०० चे. आम्ही आणली होती लाल. दोन्हींवरील रेघा सारख्या दिसतात, पण लाल सुईतील दोन रेघांत १०० चे औषध भरले की होतात पाच एकक. अडीचपट! त्रैराशिक शिकविण्यात आमचा जन्म गेला, आणि आरतीच्या गडबडीत टोपणाचा रंग आम्ही पाहिला नाही.

रात्री अकरा वाजता गुंडू पलंगाखालून बाहेर आला तो झोकांड्या खात. डोळे विस्फारलेले, मान थरथरत होती. यंत्राने साखर ३८ दाखविली. डॉक्टरीणबाईंना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले, मध बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, नाहीतर श्वासनलिकेत जाईल. शुद्धीवर आहे तोवर थोडे थोडे खाऊ घाला. दर पंधरा मिनिटांनी साखर पाहा. झटका आला किंवा आकडा चढला नाही तर तत्काळ घेऊन या. मध देवघरात होता, पंचामृताच्या वाटीशेजारी. पाऊण तासाने आकडा ६५ वर आला. पण हे औषध दीर्घकाळ काम करणारे, त्यामुळे आकडा पुन्हा उतरणार हे उघड होते. रात्रभर जागणे आले.

पाहुणे झोपले होते. गणपतीपुढची समई मंद झाली होती. आम्ही दोघे न्हाणीच्या उंबऱ्याशी, मध्ये टॉवेलात गुंडाळलेला गुंडू. तीनच्या सुमारास साखर ९४ झाली. ती हजेरीपटात लिहीत असताना सौ. ने सहज विचारले, "आईंची शेवटच्या वर्षात साखर किती असायची हो?"

आम्ही आठवू लागलो. सातवीच्या पटावर कोणत्या वर्षी किती मुले होती, शालान्त परीक्षेचा कोणत्या वर्षी किती टक्के निकाल लागला, हे सारे आम्हांला तोंडपाठ आहे. आईचा एकही आकडा आठवला नाही. आठवावयाला तो कधी पाहिलेला असावा लागतो. कागद ती उशाखाली ठेवी, आणि आम्ही विचारीत असू, "बरे आहे ना?" ती म्हणे, "बरे आहे." आमची चौकशी तेथे संपे.

सौ. आणखी काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. पहाटे साडेपाचला गुंडूने स्वतःहून उठून डब्याकडे पाहिले, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात "चूक आमची" एवढे लिहिले.

बोक्यासाठी हे सारे कशाला, असे आप्तांनी विचारले. औषध, पट्ट्या, खाद्य यांना खर्च येतो हे खरे, आणि तो सर्वांना झेपेल असेही नाही. पण एक गोष्ट वारंवार मनात येते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते कुत्र्यांवर प्रयोग करून. १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले, आणि पुढे साठ वर्षे माणसे जगली ती गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर. मुक्या प्राण्यांनी दिलेले हे ऋण आहे. त्यातला थेंबभर एका मुक्या प्राण्याकडे परत गेला, तर त्यात उधळपट्टी कसली?

आज गुंडूचे वजन पावणेसहा किलो आहे. मागचे पाय सुधारले आहेत, पूर्णतः नव्हे. वेळेवर उपचार झालेल्या काही मांजरांची सुई कायमची सुटते. आमचीही २०२४ साली सुटली होती, दोन महिने. आम्ही पेढे वाटले. मग पाण्याची बादली पुन्हा आवडू लागली आणि सुई परत आली. आता सकाळ-संध्याकाळ एकेक एकक पुरते.

वाचकहो, आपल्या घरी मांजर असेल तर त्याच्या पाण्याकडे आणि वजनाकडे लक्ष ठेवा. आणि घरात वडीलधारे कोणी असेल तर "बरे आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. कागद मागून घ्या, आकडा वाचा, तारखेसह लिहून ठेवा. हजेरी नुसती आवाज ऐकून लावावयाची नसते, चेहरा पाहून लावावयाची असते, हे आम्ही नव्या शिक्षकांना तीस वर्षे सांगत आलो.

गेल्या महिन्यात सौ. ने हट्टाने आमचीही उपाशीपोटी साखर तपासविली. ११८ आली, म्हणजे अजून रोग नव्हे, पण रोगाच्या उंबऱ्यावर. तिने गुंडूच्या हजेरीपटात तांबड्या शाईने आणखी एक रकाना आखला आणि वर आमचे नाव घातले. आईच्या वाटणीचा कुंदा आता कोणाकडेच जात नाही; घरात येतच नाही.

साडेसहाला पाच मिनिटे उरली आहेत. गुंडू उंबऱ्यावर येऊन बसला आहे. लेखणी ठेवतो.