डायच्या कामाला

पूर्वी चिंचणीच्या कुठल्याही आळीतून दुपारी चाललं की घराघरांतून एक आवाज यायचा. टक, टक, टक. मग जरा थांबायचा. मग पुन्हा टक. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण भर दुपारी तो गप्प असायचा आणि हा चालू असायचा. नवख्याला वाटायचं, सोनार असावा. सोनार नव्हे, सोनाराच्या आधीचा माणूस. दागिन्याच्या पत्र्यावर पान, फूल, कोयरी उमटावी म्हणून पोलादाच्या ठोकळ्यात तिचा साचा कोरणारा. साच्याला आमच्याकडे डाय म्हणतात, कोरणाऱ्याला डायमेकर. चिंचणी, वरोर, वाणगाव या डहाणू तालुक्याच्या पट्ट्यात घरंच्या घरं या ठोकळ्यांवर उभी राहिली. मुंबईत किंवा गुजरातेत कुणाच्या कानात झुलणारं फूल आधी आमच्या एखाद्या पडवीत उमललेलं असतं, हे घालणारीला कधी कळत नाही आणि कळायचं कारणही नाही.

गावात एक ठरलेलं वाक्य होतं: "राहिला ना? मग डायच्या कामाला लाव." दहावीचा निकाल लागला की आठवडाभर हे वाक्य ओट्याओट्यांवरून फिरायचं. कुणी गणितात राहिलेला, कुणी इंग्रजीत, कुणी दोन्हींत. मी दोन्हींतला. घरी फार काही झालं नाही. वडील वाडीत पाणी लावायला निघून गेले आणि आईने मामाला निरोप धाडला.

मामाने गुणपत्रिका बघितलीच नाही. एवढंच विचारलं, "चष्म्याचा नंबर नाही ना रे?" नाही म्हटल्यावर माझ्या हातात कानस दिली आणि वाइसमध्ये आवळलेला ठोकळा दाखवला. झाला प्रवेश.

कोरायला मिळेल या आशेने गेलेल्या पोराला आधी नुसतं घासायला लावतात. ठोकळ्याचा वरचा माथा सपाट करायचा. ऐकायला सोपं आहे. कानस पुढे जाताना दोन्ही टोकांना हात नकळत खाली झुकतो आणि पोलाद मध्ये उंच, कडांना उतरतं राहतं. डोळ्याला ते दिसत नाही. मग मामा गुण्या उभा धरायचा, ठोकळा खिडकीकडे करायचा आणि म्हणायचा, "उजेड दिसतोय." गुण्याच्या पात्याखालून केसाएवढी प्रकाशाची रेघ आली की ठोकळा परत वाइसमध्ये. शिव्या नाहीत, उपदेश नाही. उजेड दिसतोय, एवढंच. पावसाळा सरेपर्यंत माझी त्या रेघेशीच झुंज चालली होती. रात्री जेवताना घास तोंडाकडे नेणारा हातसुद्धा कानशीसारखा सरळ रेषेत जातो की काय असं वाटायचं.

पुढे छिन्नी आली आणि डोकं उलटं करायला शिकावं लागलं. दागिन्यात जे उंच दिसायला हवं ते पोलादात खोल कोरायचं. पानाची शीर वर यायची असेल तर ती रेष आत मारायची. डावीकडे वळलेली कोयरी ठोकळ्यात उजवीकडे वळते. मधूनमधून मेण दाबून छाप घ्यायचा आणि बघायचं, काय उमटतंय. पहिल्यांदा मेणातून सुलटं, भरीव पान निघालं तेव्हा मी ते हातातच धरून बसलो. मामा म्हणाला, "ठेव आता, वितळेल." छिन्न्या विकत मिळत नसत, प्रत्येकाने आपल्या हाताच्या आपण घडवायच्या, धार लावायची, तापवून पाणी द्यायचं. दुसऱ्याच्या छिन्नीला हात लावणं हे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं होतं.

अशा आठवणी सांगितल्या की ऐकणारे लगेच हळवे होतात: मार्क नसले म्हणून काय झालं, हातात कला होती! मला हे बोलणं आवडत नाही. नापास झालेल्या प्रत्येकाच्या हातात देव कला ठेवत नाही. माझ्याबरोबर बसलेल्यांत काहींचे हात माझ्यापेक्षा सरस होते, काहींना शेवटपर्यंत रेघ सरळ मारता आली नाही आणि ते बोईसरला कंपनीत कंत्राटी कामावर गेले. नापासांतही हुशार आणि मठ्ठ असे दोन्ही असतात, जसे पासांत असतात. शिवाय सुरुवातीला मिळायचा तो नुसता हातखर्च. हात बसल्यावर नगावर पैसे. हजेरीपट नाही, पावती नाही, कुठे सही नाही. ज्या पडवीने आत घेताना कागद मागितला नाही, तिने बाहेर पडतानाही कागद दिला नाही.

त्याची किंमत सीएनसी मशीन आली तेव्हा कळली. नक्षी संगणकावर काढायची, यंत्राने कोरायची. आम्ही ज्या कामाला दिवस घालवायचो ते काही तासांत, आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच. ऑर्डरी आटल्या, 2020 च्या टाळेबंदीने उरलेली बहुतेक बाकंही रिकामी केली. यंत्रावर बसायला माणसं लागत होतीच, पण त्यांना ड्रॉइंग वाचता यायला हवं, मापांचं गणित यायला हवं आणि वर कुठला तरी दाखला हवा. पोलादाच्या पोटातलं फूल ओळखणारे कारागीर बाहेर उभे राहिले.

आयटीआयमध्ये 'टूल अँड डाय मेकर' नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आमच्याच धंद्याचं नाव! त्याला प्रवेश दहावी पास असेल तरच, तेही गणित आणि विज्ञान घेऊन. म्हणजे ज्यांनी हयातभर डाय केल्या त्यांना डाय शिकायला आत जाता येणार नाही. यंत्रकामात भूमिती लागते, तेव्हा नियमाला अर्थ आहे हे मी मान्य करतो. तरी गंमत वाटायची ती वाटतेच.

दहावीचे मार्क माणसाचा पिच्छा सहज सोडत नाहीत. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. त्याखाली आयटीआय झालेल्या मुलाला कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते महिन्याला किमान 7,000 रुपये झालं. पण पश्चिम रेल्वेत अॅप्रेंटिस व्हायचं तर आयटीआय असूनही दहावीला 50 टक्के लागतात, आणि गुणवत्ता यादीत दहावीचे व आयटीआयचे टक्के एकत्र धरून सरासरी काढतात. तलासरीकडची वारली पोरं सीमेपलीकडे गुजरातेत उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात ती बहुतेक कंत्राटदाराच्या गाडीतून, शिकाऊ म्हणून नव्हे. काम तेच, पण शेवटी हातात प्रमाणपत्र नाही. वरोरच्या शेजारच्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. बंदराला किनाऱ्यावरच्या माणसांचा विरोध आहे आणि माझं मतही वेगळं नाही. पण उद्या तिथे भरती निघालीच तर 'उजेड दिसतोय' एवढ्या शिदोरीवर कुणी आत घेणार नाही.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी कुणी राहिलं असेल त्यांना सांगणं आहे. पोराला डायच्या कामाला जरूर लावा, काही पडव्या अजून चालू आहेत आणि तिथे मिळणारी नजर दुसरीकडे मिळत नाही. पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी करा. राहिलेल्या विषयांचा पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेत जाऊन भरा. आणि आयटीआयचा ऑनलाइन अर्जही भरा: वायरमन दोन वर्षांचा, वेल्डर एका वर्षाचा, या ट्रेडना दहावी नापास मुलगाही चालतो. मुलगीही चालते. शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत ऐन वेळी रांग लागते.